‘जिवाचं बरंवाईट’ यात बरं काय असतं? दोन दिवसांच्या प्रशिक्षणाबद्दल थोडं

आडवाट

मागच्या आठवड्यात कामाच्या ठिकाणाहून आम्हा सोळा जणांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. विषय होता आत्महत्येचे विचार मनात असलेल्या माणसाला ओळखायचं कसं, त्याच्याशी बोलायचं कसं आणि नीट मदत मिळेल तिथवर त्याला पोचवायचं कसं. आमच्यात डॉक्टर कुणी नव्हतं. हिशेब बघणाऱ्या दोघी, एक वायरमन, दोन सुरक्षारक्षक, स्वागतकक्षातली मुलगी, असे सगळे. मी खरं सांगायचं तर दोन दिवस कामातून सुटका म्हणून गेलो होतो.

पहिल्या दिवशी दुपारी जोड्या लावल्या. समोरासमोर खुर्च्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. एकाने खचलेल्या माणसाची भूमिका करायची, दुसऱ्याने त्याला थेट विचारायचं. माझ्या वाट्याला वायरमन आले. चांगला धिप्पाड माणूस, आवाज खणखणीत. ते मान खाली घालून बसले आणि मी विचारलं, "तुम्ही काही असं-तसं तर करणार नाही ना?"

प्रशिक्षक बाई मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत की. ‘नाही ना’ म्हटल्यावर माणूस ‘नाही’च म्हणणार. तुमची सुटका, त्याचीही सुटका. आणि असं-तसं म्हणजे काय?"

मी दुसऱ्यांदा प्रयत्न केला. "जिवाचं काही बरंवाईट करून घ्यायचं मनात..."

"बरंवाईट यात बरं काय असतं?"

वर्ग हसला, मीही हसलो. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. आपल्या भाषेत ही गोष्ट न बोलता बोलायच्या किती तऱ्हा आहेत बघा. टोकाचं पाऊल उचललं. नको ते करून बसला. जीवनयात्रा संपवली. स्वतःला संपवलं. घरात तर नुसतंच "तो गेला ना, तसा". इतके पडदे लावल्यावर आतला माणूस दिसणार कसा?

शेवटी मला जे वाक्य म्हणायचं होतं ते एवढंच : "तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का?" सात शब्द. खोटं सांगत नाही, पहिल्या चार वेळा ‘जीव’पाशी आवाज अडकला. समोरचा माणूस नाटक करतोय हे ठाऊक असूनही. पाचव्यांदा सरळ निघालं. वायरमन मात्र त्यांच्या पाळीला ते ‘पंप दुपारी चारनंतर चालू होईल’च्या चालीवर म्हणाले, त्यांना परत करायला लावलं.

त्यानंतरचा भाग आणखी अवघड होता. विचारून झालं की गप्प बसायचं. बाई घड्याळ घेऊन उभ्या. मला वाटलं निदान मिनिटभर थांबलो असेन. नऊ सेकंद झाली होती आणि मी "म्हणजे तसं नाही, पण..." सुरू केलं होतं.

थोडी माहिती, ज्यांना हवी त्यांना. अशा प्रशिक्षणांत दोन नावं जास्त ऐकू येतात. एक क्यूपीआर. पॉल क्विनेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये सीपीआरच्या धर्तीवर ते तयार केलं. छाती दाबून श्वास देणं जसं डॉक्टर नसलेल्यालाही शिकवतात, तसं हे : प्रश्न विचारा, मन वळवा, पोचवा. यात मन वळवायचं ते मदत घेण्यापुरतं. जगणं किती सुंदर आहे हे पटवायला आपण जायचं नाही. मला हे फार बरं वाटलं, कारण ते पटवायचं म्हटलं तर माझ्याकडे भाषण नाही. दुसरं असिस्ट, १९८३ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीत सुरू झालेलं, दोन दिवसांचं. आमचं त्याच वळणाचं होतं.

तर मंडळी, विचारायचं असं आहे : तुमच्यावर वेळ आली तर कोणत्या शब्दांत विचाराल? आणि विचारलं असेल कुणी, तर पुढे काय झालं?

---

खरंच_का

लेख आवडला, पण पटला नाही. एखादा आधीच उदास बसलाय, त्याला जाऊन "जीव द्यायचा विचार येतोय का" विचारायचं? ज्याच्या मनात नसेल त्याच्या मनात आपणच बी पेरल्यासारखं नाही का होणार? आमच्या घरात अभद्र बोलू नये म्हणतात, त्याला काही तरी अर्थ असेल.

---

टिवटिव

वाचतेय. वाक्य मनात म्हणून बघितलं. मनातसुद्धा अडखळलं.

---

मनोमन

@खरंच_का, ही शंका सगळ्यांना येते. आम्हाला शिकवायला सुरुवात झाली तेव्हा मलाही आली होती. (मी मनोविकारतज्ज्ञ आहे.)

यावर मुद्दाम अभ्यास झालाय. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधली दोन हजार तीनशेहून अधिक मुलं, २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांच्या प्रश्नावलीत आत्महत्येबद्दलचे थेट प्रश्न ठेवले, निम्म्यांच्या नाही. दोन दिवसांनी दोन्ही गटांना ते प्रश्न विचारले. ज्यांना आधी विचारले होते त्यांची अस्वस्थता वाढलेली नव्हती, असे विचारही जास्त आलेले नव्हते. उलट जी मुलं आधीच नैराश्यात होती किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, ती विचारल्यामुळे किंचित हलकी झालेली दिसली.

माझ्या खोलीतलं सांगतो. हा प्रश्न विचारल्यावर माणूस दचकतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा खांदे खाली येतात. महिनोन्‌महिने जे एकट्याने उचललं होतं त्याला कुणी तरी नाव घेऊन हाक मारली, असं काही तरी होतं. ‘नाही’ म्हणणारे रागावत नाहीत. "इतकं नाही हो डॉक्टर, पण..." म्हणतात, आणि त्या ‘पण’च्या पुढे खरी गोष्ट असते.

शब्दांबद्दल माझी भर : "प्रयत्न फसला", "अयशस्वी ठरला" हे टाळा. वाचला तो अपयशी कसा? "प्रयत्न केला होता, वाचला" पुरे.

---

खरंच_का

‘नाव घेऊन हाक’ हे पटलं. अभ्यासाचं माहीत नव्हतं. तरी आईला असं विचारणं मला जमेल असं वाटत नाही.

---

मनोमन

आईला विचारायला सगळ्यात अवघड जातं, मलाही जाईल. तिथे आधी एक पायरी घ्या. "आई, इतकं सगळं सोसल्यावर एखाद्याला जगणं नकोसं वाटू शकतं. तुला तसं वाटतंय का?" आणि ‘हो’ आलं तर तिथे थांबू नका. नकोसं वाटणं वेगळं आणि जीव द्यायचा विचार वेगळा, म्हणून पुढचा प्रश्न विचारावाच लागतो.

---

रात्रपाळी

मी एका हेल्पलाइनवर स्वयंसेवक आहे, सहा वर्षं. नाव सांगत नाही, तसा आमचा नियम आहे.

शब्दांचा विषय निघालाय म्हणून. आम्हाला पहिल्या महिन्यात एक शब्द तोंडातून काढून टाकायला लावला : ‘का’. "का असं वाटतं तुला?" म्हटलं की माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, कारणं द्यायला लागतो, आणि कारणं त्याची त्यालाच लंगडी वाटतात. त्याऐवजी मी "कधीपासून?" विचारते. "आज काय झालं?" विचारते. सगळ्यात जास्त उत्तरं ‘आज’ला मिळतात. वर्षानुवर्षांचं दुःख असतं, पण फोन आजच का उचलला, याला बहुतेकदा काही तरी छोटं निमित्त असतं. एकदा एकाने सांगितलं, चपलेचा अंगठा तुटला. तेवढंच. त्यावर आम्ही चाळीस मिनिटं बोललो.

दुसरं, "कुणाला सांगणार नाही अशी शपथ घे" म्हणतात, त्याबद्दल. शपथ घ्यायची नाही. हे आधीच ठरवून ठेवा, कारण त्या क्षणी समोरच्याचे डोळे बघून तोंडातून "हो" जातंच. मी म्हणते, "चारचौघांत बोलणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी एकटी बसणार नाही, कुणाची तरी मदत घेईन, आणि तुला सांगून घेईन." रागावतात. रागावलेला माणूस उद्या भेटतो.

हे काम डॉक्टर नसलेल्यांनी करावं ही कल्पना नवी नाही. लंडनमध्ये १९५३ साली चॅड व्हारा या धर्मगुरूंनी जीव द्यायचा विचार करणाऱ्यांसाठी एक फोन सुरू केला. तेव्हा समुपदेशन ते स्वतः करणार होते, आणि मदतीला आलेली साधी माणसं बाहेर बसलेल्यांना चहा देत, त्यांच्याशी बोलत. हळूहळू लक्षात आलं की बरेच जण बाहेरच मोकळे होऊन, आत न जाताच परत जातायत. मग पुढच्याच वर्षी त्यांनी ऐकायचं काम त्या स्वयंसेवकांकडे सोपवलं. समॅरिटन्स ही संस्था तीच. पाळी सुरू करताना मला कधीकधी तो बाहेरचा बाक आठवतो.

---

चिकित्सक_चिमणी

मी जरा पाणी ओतते, रागावू नका.

प्रशिक्षणानंतर माहिती वाढते, आत्मविश्वास वाढतो, हे जवळपास प्रत्येक अभ्यासात दिसतं. पण त्याने मृत्यू कमी होतात का, तिथे उत्तर गुळमुळीत आहे. युरोपातल्या दहा देशांत १६८ शाळांमध्ये, अकरा हजारांवर विद्यार्थ्यांचा एक मोठा प्रयोग झाला, २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. काही शाळांत शिक्षकांना क्यूपीआर शिकवलं. काही शाळांत थेट मुलांसोबतच काम केलं : भूमिका करून बघणं, आपापसात बोलणं, मित्र अडचणीत असला तर काय करायचं. वर्षभरानंतर मुलांसोबत काम केलेल्या शाळांत आत्महत्येचे प्रयत्न आणि गंभीर विचार तुलनेच्या गटापेक्षा साधारण निम्मे होते. शिक्षकांना शिकवलेल्या शाळांत म्हणावा असा फरक नव्हता.

अमेरिकेत ज्या काउंटींमध्ये (आपल्या जिल्ह्यांसारख्या) सरकारी मदतीने अशी प्रशिक्षणं झाली, तिथे पुढच्या काळात तरुणांचे मृत्यू कमी झालेले दिसले, पण तो परिणाम पुढे ओसरला. म्हणजे एकदा दोन दिवस जाऊन आलात, प्रमाणपत्र भिंतीवर लावलंत, संपलं, असं नाही. आडवाट, तुमच्याकडे पुढचं सत्र कधी आहे? की सोळा खुर्च्यांचा फोटो निघाला आणि झालं?

---

आडवाट

@चिकित्सक_चिमणी, बाण बरोबर लागला. फोटो निघाला. पुढच्या सत्राचं कुणी बोललेलं नाही. उद्याच विचारतो.

---

गप्पिष्ट_गोगलगाय

किंचित अवांतर. असं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला इंग्रजीत ‘गेटकीपर’ म्हणतात आणि आमच्याकडच्या पत्रकात त्याचं मराठी ‘द्वारपाल’ केलं होतं. द्वारपाल म्हटलं की मला जय-विजयच आठवतात. त्यांचं काम आत न सोडण्याचं! त्यापायी शापही मिळाला. जरा बरा शब्द सुचवा की कुणी.

---

टिवटिव

वाटाड्या?

---

गप्पिष्ट_गोगलगाय

वाटाड्या झकास. मुक्कामापर्यंत सोबत येतो, आणि तिथून परत फिरतो.

---

मधली_बहीण

बरेच दिवस इथे नुसती वाचत असते. आज लिहावंसं वाटलं.

माझा भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली. त्यानंतर दोन वर्षांनी आमच्या कार्यालयात असंच प्रशिक्षण झालं. पडद्यावर ‘धोक्याची चिन्हं’ आली. आवडत्या वस्तू देऊन टाकणं. झोप उडणं. "मी नसलो की तुम्ही सुटाल" असं बोलणं. बरेच दिवस तळमळत असलेल्या माणसाचं एकाएकी शांत होणं. मी शेवटच्या खुर्चीवर बसून एकेकावर खूण करत होते. हे होतं. हेही होतं. हे मी पाहिलं होतं आणि मला वाटलं होतं की चला, सावरला. त्याने त्याचा कॅमेरा मला दिला होता आणि मी खूश झाले होते.

मी उठून बाहेर गेले. मागोमाग कुणी आलं नाही, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं.

तुमच्यापैकी जे हे शिकवतात त्यांना विनंती आहे. प्रत्येक वर्गात माझ्यासारखं कुणी तरी बसलेलं असतं असं धरून चला. सुरुवातीलाच सांगा, की ही चिन्हं मागे वळून बघताना जितकी ठळक दिसतात तितकी तेव्हा दिसत नसतात. वस्तू तर माणसं घर बदलतानाही देतात. आणि बाहेर जावंसं वाटलं तर जा, दाराशी एक जण आहे, असं सांगा. दाराशी खरोखर एक जण ठेवा.

---

रात्रपाळी

@मधली_बहीण, लिहिलंत ते फार मोलाचं आहे. आमच्या पुढच्या तुकडीत दाराशी मी उभी राहीन.

---

आडवाट

@मधली_बहीण, आमच्याकडे ती चिन्हांची यादी मीच फळ्यावर लिहून काढली होती, मोठ्या हौसेने. आता त्या खोलीत कोण कोण होतं ते आठवतोय. दुसऱ्या दिवशी हिशेबातल्या एक बाई आल्या नव्हत्या. कुणीही विचारलं नाही. मीही नाही.

---

बिनकामाचा

मी पलीकडच्या खुर्चीवरचा. म्हणजे ज्याला विचारतात तो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट, तपशील सांगण्यासारखे नाहीत. त्या दिवसांत मला सल्ले भरपूर मिळाले. व्यायाम कर. लोकांना याहून वाईट दिवस असतात. आईबापांचा विचार कर. हे शेवटचं सगळ्यात वाईट, कारण त्यांचाच विचार करून तर मला वाटत होतं की आपण त्यांच्यावर ओझं आहोत.

विचारलं एकानेच. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा, फारसा मित्रही नाही. लिफ्ट बंद होती, आम्ही जिना उतरत होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो थांबला आणि म्हणाला, "तू मरायचा विचार करतोयस का?" असंच. कुठल्याही प्रशिक्षणात हे वाक्य नापास होईल बहुतेक. मी "हो" म्हटलं. तो पायरीवर बसला. मीही बसलो. वरून दोघे-तिघे आमच्यामधून वाट काढत उतरून गेले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही. पण आज तुला एकट्याला सोडत नाही." त्याने माझ्या बहिणीला फोन लावला, माझ्यासमोर, मला विचारून. ती येईपर्यंत आम्ही पायरीवरच होतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे तिघे गेलो.

मला मुद्दा पुढचा सांगायचाय. डॉक्टर, औषधं, ते सगळं झालं आणि त्याचा उपयोग झाला. पण महिन्याभराने सगळ्यांना वाटतं की माणूस बरा झाला. फोन थांबतात. तो मात्र दर गुरुवारी एक संदेश पाठवायचा : "जिना?" बस, एवढंच. मी कामावर असेन तर आम्ही लिफ्ट सोडून जिना उतरायचो. कधी बोलायचो, कधी नाही. दीड वर्ष चाललं हे. मी उत्तर दिलं नाही तरी पुढच्या गुरुवारी यायचाच. "काल उत्तर का नाही दिलंस" हे त्याने एकदाही विचारलं नाही.

---

टिवटिव

काय लिहू कळत नाही. तुमच्या त्या मित्राला नमस्कार सांगा.

---

मनोमन

@बिनकामाचा, तुमच्या मित्राने जे आपल्या बुद्धीने केलं त्याचे प्रयोग झालेले आहेत.

सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. रुग्णालयातून घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेल्या आठशेहून अधिक लोकांपैकी निम्म्यांना त्यांनी पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली. कशी आहात, आठवण आली, वाटलं तर कळवा, इतपत. मागणी काही नाही. बाकीच्या निम्म्यांना काहीच नाही. पत्रं गेलेल्या गटात आत्महत्या कमी झाल्या, आणि फरक पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात ठळक होता.

दुसरा जागतिक आरोग्य संघटनेचा, २००८ मध्ये आलेला. पाच देशांतली पाच ठिकाणं, त्यात आपलं चेन्नईही होतं. प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या एकूण १,८६७ लोकांपैकी एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याशिवाय तासभर समजावणं आणि मग अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. आत्महत्येने मृत्यूचं प्रमाण नेहमीच्या गटात २.२ टक्के, संपर्क ठेवलेल्या गटात ०.२ टक्के. संपर्क ठेवणारे सगळे डॉक्टर असायची गरजही नाही. वही, पेन आणि तारखा चुकवू न देणारा माणूस लागतो.

चिमणीताईंना याचे आकडे पटतात का बघू.

---

चिकित्सक_चिमणी

पटतात. नंतर झालेल्या काही प्रयोगांत पत्रांचा परिणाम इतका स्वच्छ आला नाही, हे नोंदवून ठेवते आणि गप्प बसते.

नाही, एक राहिलंच. अमेरिकी हवाई दलाने १९९६ पासून राबवलेला कार्यक्रम. तिथे नुसतं प्रशिक्षण नव्हतं. मदत मागितली तर नोकरीवर डाग लागणार नाही याची हमी, वरिष्ठांनी स्वतः उभं राहून बोलणं, चौकशीला सामोरं जाणाऱ्यांना एकटं न सोडणं, असे बरेच भाग एकत्र होते. आत्महत्येचा धोका साधारण एक तृतीयांशाने उतरला. २००४ मध्ये अंमलबजावणी ढिली पडली, त्या वर्षी आकडा पुन्हा वर गेला. मला ते वर्ष फार बोलकं वाटतं.

म्हणून आडवाट, तुमच्या कार्यालयात विचारायला गेलात तर हेही विचारा : एखाद्याने ‘हो’ म्हटलं आणि पंधरा दिवस रजा लागली, तर त्याच्या नोकरीचं काय? हे उत्तर नसेल तर तुम्ही शिकलेलं वाक्य हवेतच राहणार.

---

अबोली७

इथे विचारावं की नाही कळत नव्हतं. माझी एक जुनी मैत्रीण आहे. दोन-तीन महिने झाले, बोलणं तुटक. परवा म्हणाली, "झोपले आणि उठलेच नाही तर किती बरं." मी हसून "काही तरीच काय" म्हटलं आणि विषय बदलला. हा धागा वाचल्यापासून ते हसू मला टोचतंय. आता परत तो विषय काढला तर विचित्र नाही का वाटणार? आणि ती ‘हो’ म्हणाली तर मी काय करू? मला खरंच माहीत नाही.

---

रात्रपाळी

@अबोली७, विषय परत काढता येतो. "परवा तू झोपेबद्दल बोललीस आणि मी हसण्यावारी नेलं. ते माझ्या डोक्यातून जात नाहीये." इथून सुरू करा. चूक झाली म्हणून कबूल करणाऱ्याजवळ माणूस बोलतो.

‘हो’ आलं तर घाबरू नका, म्हणजे घाबरा, पण बसून राहा. ऐका. मग दोन गोष्टी विचारा : कसं करायचं हे ठरवलंय का, आणि त्यासाठी लागणारं जवळ आहे का. तसं असेल तर ते घरातून दुसरीकडे हलवायचं, तिच्या संमतीने, कुणाची तरी मदत घेऊन. हे ऐकायला बाळबोध वाटतं. पण ती तीव्र लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते, आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं हा फार मोठा फरक आहे. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला.

ठरवलेलं असेल आणि आजच्या आजचं वाटत असेल, तर एकटीला सोडायचं नाही. तिथूनच डॉक्टरला, आपत्कालीन सेवेला फोन. तेवढं तातडीचं नसेल तर तिच्याकडूनच एक कागद लिहून घ्या. स्टॅन्ली आणि ब्राउन या दोघांनी तयार केलेली पद्धत आहे, सुरक्षा आराखडा म्हणतात. मला अंधारून यायला लागलं की सुरुवातीला काय होतं, तेव्हा मी एकटी काय करून बघू शकते, कुणाजवळ जाऊन बसू शकते, कुणाला उघड सांगू शकते, कोणता डॉक्टर, कोणता नंबर, आणि घर सुरक्षित कसं ठेवायचं. तिच्या अक्षरात. तुमच्या अक्षरात लिहिलंत तर तो तुमचा कागद होतो, आणि रात्री दोन वाजता दुसऱ्याचा कागद कुणी काढत नाही.

---

ॲडमिन

एका सदस्याच्या प्रतिसादातून पद्धतीचा तपशील काढला आहे. राग नसावा. अशा धाग्यांवर तपशील नको, हे इथलं धोरण आहे आणि राहील.

जे वाचत आहेत आणि स्वतः त्या जागी आहेत, त्यांच्यासाठी : भारतात टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. इतर देशांत असाल तर तिथल्या आपत्कालीन सेवेला किंवा हेल्पलाइनला फोन करा. धागा नंतरही वाचता येईल.

---

खरंच_का

रविवारी आईला विचारलं. मनोमन यांनी सांगितलेल्या पायरीने. ती म्हणाली, "तुझे वडील गेले त्या वर्षी वाटायचं. आता नाही. पण तू तेव्हा विचारायला हवं होतंस." तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. यापुढे सुचत नाही.

---

आडवाट

अद्ययावत माहिती. पुढच्या सत्राबद्दल विचारलं, तीन महिन्यांनी अर्धा दिवस मिळालाय. नोकरीच्या प्रश्नाचं उत्तर "बघून सांगतो". लिहून मागितलंय.

हिशेबातल्या बाईंना भेटलो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाची परीक्षा होती, म्हणून नव्हत्या आल्या. मी इतका वेळ मनात कथा रचली होती की क्षणभर हिरमोडच झाला, हे लिहायची लाज वाटते. पण निघताना त्या म्हणाल्या, "विचारायला आलात हे बरं केलंत. मी नव्हते हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं."

---

अबोली७

काल गेले होते तिच्याकडे. रात्रपाळी यांचं वाक्य जसंच्या तसं पाठ करून. मग विचारलं. सात शब्दांतलं.

"नाही" म्हणाली. "वेडी आहेस का तू," म्हणाली. मी घड्याळाकडे न बघता गप्प बसले, नखं तळव्यात रुतेपर्यंत. मग तिने तिच्या नोकरीचं सांगायला सुरुवात केली, जी मला वाटत होतं की अजून आहे. ती जानेवारीतच गेलीय. घरी कुणालाही माहीत नाही. रोज डबा घेऊन निघते आणि वाचनालयात बसते. हे ती सांगत असताना माझा फोन वाजला, मी तो बंद करेपर्यंत ती उठून आत गेली आणि परत आली तेव्हा चेहरा मिटलेला होता.

म्हणजे ‘नाही’ धरायचं का? मला ते धरवत नाहीये.

---

मनोमन

त्या दिवसापुरतं धरा. जानेवारीपासून कुणालाही न सांगितलेली गोष्ट तिने तुम्हाला सांगितली, म्हणजे दार बंद नाही. नोकरीचं विचारत पुन्हा जा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. दुसऱ्यांदा ‘हो’ म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. कुणा डॉक्टरकडे जायची तयारी दाखवली तर सोबत जा, नुसता पत्ता देऊ नका. मधल्या दिवसांत काळजी वाढवणारं काही दिसलं, तर ठरलेल्या दिवसाची वाट बघू नका.

---

बिनकामाचा

आणि मधल्या दिवशी एक संदेश. उत्तराची अपेक्षा न ठेवता.

---

अबोली७

पाठवला. "वाचनालयात उद्या मीही येते, पुस्तक बदलायचंय." अजून उत्तर नाही. उद्या दहाला जाते. फोन घरीच ठेवणार आहे.